छोटे उबवणी यंत्र : शेवटचे तीन दिवस आणि पिल्लाला मदत करण्याचा निर्णय

टेबलावर मावणारी, सुमारे दोन डझन अंड्यांची, पारदर्शक झाकणाची आणि पंख्याने हवा फिरवणारी उबवणी यंत्रे आज अनेक नावांनी विकली जातात. रंग आणि बटणांची मांडणी सोडली तर त्यांची घडण जवळजवळ सारखीच असते. म्हणून मी वापरलेल्या यंत्राचे नाव न घेता या घडणीबद्दलच लिहिते आहे. अशा यंत्रांची परीक्षणे बहुधा कोंबडीच्या अंड्यांच्या एकवीस दिवसांपैकी पहिल्या अठरा दिवसांपुरती असतात. तापमान किती स्थिर राहते, अंडी आपोआप फिरतात का, तापमान घसरले तर धोक्याची सूचना मिळते का, एवढे पाहून यंत्राला चांगले किंवा वाईट ठरवले जाते. यंत्राचा खरा कस मात्र त्यानंतर लागतो, जेव्हा एखाद्या अंड्याला बारीक तडा जाऊन कित्येक तास उलटलेले असतात, आतून आवाज येत असतो, शेजारची पिल्ले वाळून हिंडू लागलेली असतात आणि पाहणाऱ्याला ठरवायचे असते, की मदत करायची की थांबायचे. हा निर्णय घ्यायला यंत्र किती साहाय्य करते आणि मुळात तो घेण्याची वेळ किती वेळा आणते, याच निकषावर मी या यंत्राकडे पाहिले आहे.

पहिल्या अठरा दिवसांबद्दल थोडक्यात सांगता येते. कोंबडीच्या अंड्यांसाठी पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि हे यंत्र ते चांगले सांभाळते. त्याचा संवेदक पंख्याजवळ बसवलेला असल्यामुळे पडद्यावरचा आकडा आणि अंड्यांच्या उंचीवरचे तापमान यांत थोडा फरक पडतो, आणि कडेची अंडी मधल्या अंड्यांपेक्षा किंचित थंड राहतात. ताप मोजण्याच्या खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून पाहून यंत्राचा आकडा दुरुस्त करण्याची सोय दिलेली आहे. ती वापरावीच, कारण आज किरकोळ वाटणारा हा फरक एकविसाव्या दिवशी तासांच्या रूपाने समोर येतो: तापमान थोडे कमी राहिले असेल तर पिल्ले उशिरा निघतात, थोडे जास्त राहिले असेल तर लवकर. अंडी फिरवणारा ट्रे आवाज न करता, न अडकता चालतो.

आर्द्रतेबाबत मात्र तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. अंड्यातील पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर जाते आणि त्याच्या जागी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुरुवातीच्या वजनाच्या सुमारे ११ ते १३ टक्क्यांनी घटलेले असावे, आणि त्यासाठी आर्द्रता साधारणपणे ४५ ते ५५ टक्के ठेवतात. ती फार कमी राहिली तर अंडे गरजेपेक्षा अधिक वाळते, पोकळी मोठी होते आणि शेवटी कवचाच्या आतला पातळ पडदा पिल्लाच्या अंगाला चिकटून घट्ट होतो. ती फार जास्त राहिली तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाणी धरून फुगलेले असते आणि त्याला वळायला व श्वास घ्यायला जागा उरत नाही. म्हणून यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा खरा मानून चालणे धोक्याचे आहे. मी तो मिठाच्या परीक्षेने तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने फक्त ओलसर करायचे, सुट्या आर्द्रतामापकासह हवाबंद पिशवीत काही तास ठेवायचे आणि मापक ७५ टक्के दाखवतो का ते पाहायचे. माझा मापक त्या आकड्याच्या अगदी जवळ आला. तोच यंत्रात अंड्यांशेजारी ठेवल्यावर यंत्राचा स्वतःचा आकडा त्याच्यापेक्षा बराच वर दिसला. म्हणजे माहितीपुस्तिकेप्रमाणे काटेकोर चालणाऱ्याची अंडी नकळत कोरडी पडत राहतील, आणि शेवटी मदतीविना अडकून पडणाऱ्या पिल्लांपैकी बरीच या एका चुकीच्या आकड्यामुळे अडकलेली असतील. यंत्र घेणाऱ्याने स्वतंत्र मापक घ्यावा. त्याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे काही अंड्यांवर पेन्सिलने खूण करून त्यांचे वजन पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी टिपून ठेवावे. पुढे एखादे अंडे थांबून राहिले तर त्याचे कारण शोधताना ही टिपणे फार उपयोगी पडतात.

अठराव्या दिवशी फिरवणारा ट्रे काढून घेतात, अंडी जाळीवर आडवी ठेवतात, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवतात आणि त्यानंतर झाकण बंद ठेवतात. येथे या यंत्राची एक सोय मनापासून वाखाणण्याजोगी आहे. पाणी बाहेरच्या दोन छिद्रांतून थेट तळाच्या पन्हळींत ओतता येते, त्यामुळे आर्द्रता वाढवण्यासाठी झाकण उचलावे लागत नाही. पाणी कोमट असावे, नाहीतर तापमान काही काळ घसरते. झाकणावरची हवेची झडपही बाहेरून फिरवता येते. आर्द्रता टिकावी म्हणून ही झडप बंद करण्याचा मोह होतो, पण शेवटच्या दिवसांत पिल्लांची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते, त्यामुळे झडप उघडीच ठेवावी आणि आर्द्रता पाण्याचा पृष्ठभाग वाढवून साधावी. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

पारदर्शक झाकण हे या यंत्राचे सर्वांत मोठे आकर्षण, आणि नेमक्या गरजेच्या वेळी तेच दगा देते. खोली थंड असली की आर्द्रता वाढताच झाकणावर आतून वाफ धरते, थेंब जमतात आणि अंडी धूसर दिसू लागतात. दिसत नाही म्हणून झाकण उघडले जाते, उघडले की ओलावा निघून जातो, आणि ज्या अंड्यांना तडा गेला आहे त्यांचे उघडे पडलेले पडदे वाळू लागतात. झाकणावर, झडप मोकळी ठेवून, जाडसर कापडाची घडी टाकली तर झाकण आतल्या हवेइतके उबदार राहते आणि वाफ बरीच कमी होते. पाहायचे असेल तेव्हा कापड उचलायचे. उपाय साधा आहे, पण दुहेरी भिंतीचे झाकण असलेल्या यंत्रात तो करावाच लागत नाही, आणि दोन यंत्रांत निवड करायची असेल तर मी आणखी अंडी मावणाऱ्या यंत्रापेक्षा अशा झाकणाला पसंती देईन.

मदतीचा प्रश्न नीट समजण्यासाठी त्या झाकणाखाली नेमके काय चालले आहे ते माहीत हवे. नीट वळलेल्या पिल्लाचे डोके बोथट टोकाकडे, उजव्या पंखाखाली असते आणि चोच हवेच्या पोकळीच्या दिशेने असते. तोपर्यंत ते फुफ्फुसांनी श्वास घेत नसते. कवचाला आतून लागून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून त्याला प्राणवायू मिळत असतो. पिल्लू वाढले की हे जाळे अपुरे पडू लागते, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते, मानेमागचा खास स्नायू आचके देऊ लागतो आणि चोच आतला पडदा फाडून पोकळीत शिरते. ही आतली टोच. येथून फुफ्फुसे काम करू लागतात आणि कान लावला तर चिवचिव ऐकू येते. साधारणपणे अर्ध्या ते एका दिवसात चोचीच्या टोकावरचा छोटा, कठीण उंचवटा कवचाला तडा पाडतो. ही बाहेरची टोच, आणि त्यानंतर पिल्लू थांबते. हे थांबणे १२ ते २४ तासांचे, कधी त्याहून थोडे अधिक असते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तेच सर्वांत अधिक घाबरवते. पण याच तासांत पडद्यातल्या वाहिन्यांमधील रक्त पिल्लाच्या अंगात परत येत असते, पिवळ्या बलकाची पिशवी नाभीतून पोटात ओढली जात असते आणि नाभी मिटत असते. हे पुरे झाले की पिल्लू पुन्हा हालचाल करू लागते, बोथट टोकाकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत कवचाला गोल चीर पाडते आणि पायांनी जोर लावून टोपण ढकलते. हा शेवटचा भाग अर्ध्या तासापासून काही तासांत उरकतो.

यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत या साऱ्याबद्दल एकच सूचना आहे: तडा गेल्यापासून २४ तासांत पिल्लू बाहेर न आल्यास कवच सोलून त्याला काढावे. माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा दोष ही सूचना आहे. वाहिन्यांत रक्त असताना पडदा फाडला तर रक्तस्राव होतो, आणि इतक्या लहान जिवाला थोडेसे रक्तही जड जाते. बलक पूर्ण आत गेलेला नसताना पिल्लू ओढून काढले तर ती पिशवी बाहेर लोंबते, नाभी उघडी राहते आणि जंतुसंसर्गाने पिल्लू पुढच्या काही दिवसांत दगावते. दुसऱ्या टोकाला, अनेक अनुभवी पक्षिपालक कधीच मदत करू नये असे ठामपणे सांगतात. खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांबद्दल मला ते बव्हंशी पटते, कारण तिच्या पोटाखालची ऊब आणि ओलावा सहसा चुकत नाहीत. यंत्रातल्या अंड्यांना मात्र तोच नियम जसाच्या तसा लावणे न्यायाचे नाही. जिथे पडदा यंत्राच्या कोरड्या हवेने किंवा आपण झाकण उघडल्याने वाळला असेल, तिथे पिल्लात काही उणे नसते, आणि त्याला कोंडलेल्या अवस्थेत सोडून देण्याला निसर्गाचा निर्णय म्हणता येत नाही.

तास मोजणे निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही; पण तास कशापासून मोजायचे हे आधी ठरवावे लागते. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, हे सरासरीचे गणित आहे. यंत्रात ठेवण्यापूर्वी अंडी बरेच दिवस साठवलेली असतील तर ती उशिरा उबतात. साठवणीच्या प्रत्येक जादा दिवसामागे साधारण एक तासाचा उशीर होतो असा ठोकताळा आहे. लहान अंडी मोठ्या अंड्यांच्या थोडी आधी उबतात. म्हणून एकविसाव्या दिवशी एकाही अंड्याला तडा गेला नसेल तर तो साऱ्या तुकडीचा उशीर आहे, बहुतेक वेळा तापमानाचा, आणि त्याला एकच उपाय आहे: हात न लावणे. याउलट तुकडीतली बहुतेक पिल्ले निघून वाळली आहेत आणि एकच अंडे तडा जाऊन थांबले आहे, तर त्या अंड्याकडे लक्ष देण्याला आधार आहे. या यंत्रात दिवस मोजणारा आकडा आहे, परंतु प्रत्येक अंड्याची वेळ टिपण्याची सोय अर्थातच नाही; तडा दिसताच अंड्याच्या क्रमांकासमोर वहीत वेळ लिहून ठेवावी, कारण पाहता पाहता आठ तासांचे वीस तास वाटू लागतात.

मग तासांखेरीज पाहायचे काय? सर्वांत आधी पडद्याचा रंग. निरोगी, ओला पडदा पांढरा आणि मऊ असतो. तो पिवळसर किंवा तपकिरी, कागदासारखा कोरडा आणि ताणलेला दिसू लागला, तड्याच्या कडांना चिकटून कडक झाला, तर पिल्लू वळू शकत नाही आणि कितीही थांबले तरी परिस्थिती बिघडतच जाते. येथे मदत करावी. दुसरी खूण म्हणजे तड्याची जागा. तडा बोथट टोकाऐवजी निमुळत्या टोकाकडे असेल तर पिल्लू उलटे वळलेले आहे. त्याला हवेच्या पोकळीत शिरून आधी फुफ्फुसे चालू करण्याची संधी मिळालेली नसते, आणि डोके फिरवायला जागाही कमी असते. अशी काही पिल्ले स्वतःहून निघतात, म्हणून घाई करू नये, पण त्या अंड्यावर अधिक बारकाईने नजर ठेवावी आणि तड्यातून श्वास घ्यायला जागा मोकळी आहे ना ते पाहावे. तिसरी स्थिती गोल चीर पाडता पाडता थांबलेल्या पिल्लाची. चीर अर्ध्याहून अधिक झाली आहे, काही तास गेले आहेत आणि हालचाल मंदावते आहे, तर बहुधा पिल्लू सुकलेल्या पडद्यात किंवा वाळून गोंदासारख्या झालेल्या द्रवात अडकलेले असते. चीर सुरू झाली याचा अर्थ रक्त आणि बलक बहुतेक आत गेलेले आहेत, त्यामुळे या टप्प्यावर मदतीचा धोका सर्वांत कमी असतो. आवाजातही फरक कळतो. मधूनमधून येणारी, थांबणारी चिवचिव स्वाभाविक असते, विश्रांतीच्या काळात पिल्लू बराच वेळ गप्पही राहते. सतत, टिपेला गेलेला आणि नंतर क्षीण होत जाणारा आवाज मात्र मनावर घ्यावा.

चौथी स्थिती सर्वांत अवघड, कारण तिच्यात बाहेरून काहीच दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात अंडे पाहिले तर हवेच्या पोकळीत चोचीची हलती सावली दिसते, आतली टोच झालेली आहे, पण त्यानंतर २४ तासांहून अधिक वेळ जाऊनही कवचाला तडा नाही. पोकळीतली हवा मर्यादित असते. अशा वेळी पोकळीच्या वरच्या भागात, चोचीपासून दूर, जाड सुईच्या टोकाने हळूहळू फिरवत टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पाडतात, म्हणजे पिल्लाला श्वास मिळत राहतो आणि उरलेले काम त्याला स्वतःच्या गतीने करता येते. छिद्र मोठे करू नये, कारण त्यातून ओलावाही जातो. या तपासणीसाठी यंत्राच्या झाकणावर बसवलेला छोटा दिवा जवळजवळ निरुपयोगी आहे. पांढऱ्या अंड्यांत सातव्या दिवशी रक्तवाहिन्या दाखवण्यापुरता तो ठीक आहे. तपकिरी किंवा जाड कवचाच्या अंड्यात अठराव्या दिवसानंतर पोकळीची कडासुद्धा नीट दिसत नाही. अरुंद, प्रखर झोताची वेगळी बॅटरी आणि अंधारी खोली हवीच.

मदत करायचे ठरल्यावर या यंत्राची दुसरी उणीव पुढे येते. झाकण अखंड आहे. एका अंड्यासाठी ते पूर्ण उचलावे लागते आणि सगळ्याच अंड्यांवरची ओली हवा एका क्षणात निघून जाते. यंत्र लहान असल्यामुळे तापमान लवकर पूर्ववत होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे, पण आर्द्रतेला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. एका कडेला छोटे दार असते तर हा प्रश्न उरला नसता. म्हणून झाकण उचलण्यापूर्वी सारे साहित्य हाताशी असावे: स्वच्छ धुतलेले हात, कोमट पाणी, कापसाच्या काड्या, बोथट टोकाचा चिमटा, ऊब धरणारे ओले कापड. अंडे त्या कापडात गुंडाळून बाहेर घ्यावे, झाकण ताबडतोब बंद करावे, आणि पन्हळीत कोमट पाणी वाढवावे किंवा ओला स्पंज आत ठेवावा.

प्रत्यक्ष मदत जितकी थोडी तितकी चांगली. हवेच्या पोकळीवरचे कवच तेवढे काढायचे, कारण त्या भागाखाली पिल्लाच्या वाहिन्या नसतात. त्या पोकळीच्या तळाशी असलेल्या आतल्या पडद्यात असतात. तड्यापासून सुरुवात करून कवचाचे लहान लहान तुकडे पोकळीच्या कडेपर्यंत उचलले की तो पडदा दिसतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या काडीने तो ओला करावा, पण पाणी नाकपुड्यांत जाऊ देऊ नये. ओला होताच पडदा थोडा पारदर्शक होतो आणि निर्णयाला लागणारी खरी माहिती समोर येते. लाल, ठसठशीत, फांद्या फुटलेल्या वाहिन्या दिसत असतील तर पिल्लू तयार नाही. तेथेच थांबायचे, पडदा ओला ठेवायचा, अंडे परत यंत्रात ठेवायचे आणि काही तासांनी पुन्हा पाहायचे. वाहिन्या फिकट, रिकाम्या आणि धाग्यासारख्या झाल्या असतील तर चोचीपासून सुरुवात करून पडदा हलकेच मागे सरकवावा. कोठेही रक्ताचा थेंब दिसला तर स्वच्छ कापसाने हलका दाब द्यावा आणि त्या वेळचे काम संपले असे समजावे. पिल्लू तोंड उघडमीट करत चघळल्यासारखी हालचाल करत असेल तर बलक अजून आत जातो आहे अशी खूण पक्षिपालक मानतात, आणि तेव्हाही थांबणेच श्रेयस्कर. काही जण पाण्याऐवजी खोबरेल तेल लावतात. ते लवकर वाळत नाही हा त्याचा फायदा, पण पडद्याच्या जिवंत भागावरची छिद्रे तेलाने बुजतात, म्हणून तेल फक्त वाहिन्या रिकाम्या झाल्याची खात्री पटल्यावरच वापरावे असे माझे मत आहे.

चोच, डोके आणि मान मोकळी झाली की हात काढून घ्यावा. खालचा अर्धा भाग कवचातच राहू द्यावा आणि अंडे यंत्रात ठेवावे. पाय लांबवून कवचातून निसटणे पिल्लाला स्वतःला करू द्यावे, कारण बलकाचा शेवटचा अंश अजून आत जायचा असेल तर त्याला तेवढा अवधी मिळतो, आणि नाभी अजून कवचाला चिकटलेली असेल तर ती ओढली जात नाही. ही शेवटची पायरी पाळणे सर्वांत कठीण आहे, कारण पिल्लू जवळजवळ बाहेर आलेले असते आणि एका हलक्या ओढीत काम होईल असे वाटत असते. ती ओढ देऊ नये.

मदत घेऊन निघालेली पिल्ले दुबळीच राहतात, हा समज अर्धवट खरा आहे. सुकलेल्या पडद्यातून सुटलेली पिल्ले दुसऱ्या दिवशी इतरांतून ओळखूही येत नाहीत. आर्द्रता व तापमान नीट असताना, शेजारची सगळी अंडी सहज उबलेली असताना, ज्याला स्वतःचे बळ कमी पडले त्या पिल्लात मात्र आणखीही उणिवा असू शकतात. त्याला मदत करू नये असे मी म्हणणार नाही. पैदाशीसाठी त्याला राखू नये एवढेच म्हणेन. आणि सगळे नीट करूनही काही पिल्ले वाचत नाहीत, याची मनाची तयारी मदतीला हात घालण्यापूर्वीच असावी.

बदकांची अंडी या यंत्रात उबवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांना सामान्यतः २८ दिवस लागतात, मस्कोव्ही बदकाला ३५, आणि तडा गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळही कोंबडीच्या पिल्लांपेक्षा लांबतो. दीड-दोन दिवसांची वाट पाहणे त्यांच्या बाबतीत असाधारण नाही. जपानी लाव्याची पिल्ले १७ ते १८ दिवसांत निघतात आणि एकदा सुरुवात झाली की बहुतेक झटपट निघतात. यंत्रात या पक्ष्यांसाठी तयार कार्यक्रम दिलेले आहेत, पण पुस्तिकेतली २४ तासांची सूचना सर्वांना सरसकट एकच आहे, आणि बदकांच्या बाबतीत ती पाळणे म्हणजे धडधाकट पिल्ले अवेळी सोलून काढणे होईल.

पिल्ले निघाल्यावरच्या सोयींत जाळीचा तळ गुळगुळीत आहे, ही एक उणीव. त्यावर पाय घसरून फाकतात, म्हणून अठराव्या दिवशीच खरबरीत रबरी जाळी किंवा पक्के विणलेले कापड अंथरावे. पंख्याचे संरक्षक आवरण मात्र पुरेसे बारीक आहे, पिल्लाचा पंख किंवा पाय आत जाण्याची भीती नाही. निघालेली पिल्ले वाळून फुलेपर्यंत आतच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती दोन ते तीन दिवस अन्नपाण्याविना राहू शकतात, त्यामुळे त्यांना काढण्यासाठी, अजून तडा गेलेली अंडी असताना, झाकण उघडण्याची गरज नसते.

हे यंत्र घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्यासोबत सुटा आर्द्रतामापक आणि चांगली बॅटरी घेण्याची तयारी असेल तरच. ज्यांच्याकडे दरवर्षी बऱ्याच तुकड्या निघतात त्यांनी याच्या दुप्पट अंड्यांचे यंत्र घेण्यापेक्षा याच घडणीची दोन छोटी यंत्रे घ्यावीत, असे मी सुचवीन. पहिल्यात अंडी निर्वेध उबत राहतील, आणि ज्या अंड्याला पुन्हा पुन्हा पाहावे लागते ते दुसऱ्यात, ७० टक्के आर्द्रतेत हलवून ठेवता येईल. त्या एका अंड्याचे झाकण कितीदाही उघडले तरी बाकीच्यांचे पडदे वाळणार नाहीत.